पाराची मागची बाजू

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि शरदचंद्र हालगे कमरेत वाकून फक्की टाकत होते. डाव्या हातात पांढऱ्या भुकटीचे घमेले, उजव्या हाताची मूठ अर्धी उघडी आणि पायाखाली रात्रीच्या पावसाने चिकट झालेली काळी जमीन. लातूरबाहेर, औसा रस्त्यापासून थोडे आत, या भूखंडावर ‘पाठबळ’ या महिला संस्थेचे नवे मुख्यालय उभे राहत होते. इमारतीचा नकाशा पुण्याच्या आर्किटेक्टने केला होता. इमारत सोडून उरलेले सगळे शरदचंद्रांकडे होते. फाटक कुठे, वाट कुठून, झाड कोणते, पाणी कुठे मुरवायचे, भिंत कशी फिरवायची, हे त्यांनी ठरवायचे.

गवंडी दगडोबाने सायकल कडुलिंबाखालच्या पाराला टेकवली आणि थोडा वेळ तो नुसता बघत राहिला.

“साहेब, दोरी इसरलाव का?”

“नाही. आज दोरी नको.”

“मंग ही वाट वाकडी व्हायली की.”

“वाकडीच आहे ती.”

“नोकरीत होताव तवा गावंच्या गावं दोरीनं आखलाव म्हणं. आता रिटायर झाल्यावर बैल मुतल्यावाणी रेघ वढायलाव.”

शरदचंद्र हसले, पण कमर सरळ केली नाही. मूठ पुढे सरकत राहिली. जमिनीवर आधीच एक पायवाट होती, बायकांच्या पायांनी दाबून गुळगुळीत झालेली. ती जिथे वळत होती तिथे फक्की वळत होती.

ही वाट आणि तिच्या टोकाचे फाटक पक्के झाले की कंपाउंडची भिंत कडुलिंबाच्या अलीकडून जाणार होती. म्हणजे झाड आणि झाडाभोवतीचा दगडी पार भिंतीच्या बाहेर, रस्त्याकडे पडणार होता. साऱ्या आराखड्यात शरदचंद्रांनी स्वतःच्या हौसेची म्हणून एकच गोष्ट मागितली होती, ती हा पार. ऑगस्ट २०१३ मधल्या त्या मंगळवारी ते स्वतःच्या हाताने तो बाहेर काढत होते.

औसा तालुक्यातले सारणगाव हे शरदचंद्रांचे गाव. गावात शिरले की आधी पार लागे. काळ्या दगडाचा गोल चौथरा, मधोमध कडुलिंब, बसणाऱ्यांच्या धोतरांनी गुळगुळीत झालेली कड. दुपारच्या एस.टी.ने दैनिक येई आणि ते पारावर वाचले जाई. चौथीत असताना शरद स्पष्ट वाचतो असे कुणाच्या तरी लक्षात आले आणि त्याला उचलून मधोमध बसवण्यात आले. वडील ईश्वरप्पांचे किराणा दुकान समोरच होते. ते उंबऱ्यात उभे राहून ऐकत. बातमी तुरीच्या भावाची असली की एखादा म्हातारा म्हणे, “पुना वाच रे बाळा, बराबर ऐकू आलं न्हाई.” ऐकू आलेले असे. दुसऱ्यांदा वाचल्यावर भाव थोडा चढेल, अशी आशा असे.

आयटीआयमधून आरेखकाचा अभ्यासक्रम करून ते लातूरला सरकारी कचेरीत लागले. तिथे त्यांना जागा मोजायला आणि कागदावर उतरवायला शिकवले गेले. पण चांगली जागा म्हणजे काय, हे त्यांना त्याआधीच ठाऊक होते. जिथे माणूस काही काम नसताना बसू शकतो, ती.

तीस सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते लातूरच्या सरकारी वसाहतीत होते. दुपारी गावात पोचले. गाव म्हणून काही उरले नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे बसली होती. गल्ली कुठली आणि घर कुठले हे सांगता येत नव्हते. वडील काही वर्षांपूर्वीच वारले होते. आई, म्हणजे अव्वा, दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखाली सापडली. उभा होता तो फक्त कडुलिंब आणि त्याच्याभोवतीचा पार. जवानांनी त्याच्यावर पाण्याची पिंपे मांडली होती. शरदचंद्र पाराला वळसा घालून मागे गेले, कारण दुसरीकडे जायला वाटच नव्हती. मागच्या बाजूला दगडात एक कोनाडा होता, काजळीने काळाभोर झालेला. तो त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. गुराखी बिड्या पेटवत असतील, असे त्यांना वाटले. त्या दिवशी याहून जास्त विचार करायला सवड नव्हती.

पुढची दोन वर्षे ते पुनर्वसनाच्या नकाशांवर होते. नवी गावे जुन्यापासून लांब, मोकळ्या माळावर वसायची होती. रस्ते रुंद हवेत, भूखंड सरळ हवेत, घरे एकमेकांपासून दूर हवीत, म्हणजे पुन्हा काही झाले तर माणूस बाहेर पळू शकेल. यात चूक काहीच नव्हते. शरदचंद्रांनी सरळ रेघा मारल्या. सारणगावच्या नव्या नकाशात मध्यभागी एक चौकोन उरला. त्यात त्यांनी सुबक अक्षरात ‘मोकळी जागा’ असे लिहिले. दहा वर्षांनी तिथे वेडी बाभूळ माजली होती. बसायला तिथे कुणी जात नव्हते. गावातली एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, “घर झ्याक हाय, बापू. पर शेजारणीला हाक मारावी तर पाव्हण्याच्या गावाला हाक मारल्यावाणी वाटतंय.”

लातुरातही जागा अशाच जात होत्या, फक्त वेगळ्या कारणाने. दहावी-बारावीचे निकाल गाजू लागले, मग प्रवेश परीक्षांचे क्लास आले, आणि भोकर, हदगाव, देगलूरपासूनची मुले पेट्या घेऊन लातूरला उतरू लागली. शरदचंद्रांच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे अंगण होते. अंगणात पारिजातक नाही तर निदान एक कढीपत्ता असे, आणि उन्हाळ्यात लोक बाजा टाकून बाहेर झोपत. भूकंपानंतर तर वर्षभर सगळी गल्लीच बाहेर झोपत होती. रात्री कुणी खोकले तर कोण खोकले ते सगळ्यांना कळत असे. आता अंगणाच्या जागी खोल्या होत्या. खोल्यांवर खोल्या होत्या. शेजारच्यांनी बदामाचे झाड तोडून जिना काढला. खुद्द शरदचंद्रांनीही वर चार खोल्या चढवल्या आणि पारिजातक गेला. तो कुणी तोडला असे नाही. पायाड बांधताना मजुरांनी त्याला आधाराला धरले, आणि काम संपले तेव्हा तो मेलेला होता.

म्हणून निवृत्तीनंतर पाठबळच्या विनीताताई भेटायला आल्या, तेव्हा त्यांचे बोलणे पुरे होण्याआधीच शरदचंद्रांनी पेन्सिल घेतली होती. विनीताताई लातूरच्याच. भूकंपाच्या वेळी कॉलेजात होत्या, मदतीला म्हणून आठ दिवसांसाठी गेल्या आणि परत आल्याच नाहीत. संस्था निघाली पत्र्याच्या शेडमध्ये, विधवा बायकांचे दावे लढवायला. पुढे बचत गट आले, शिवण आले, शेळ्या आल्या, नवऱ्याने टाकलेल्यांच्या तक्रारी आल्या. वीस वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर आता स्वतःची जागा मिळाली होती. जागेवर एकच झाड होते, पुढच्या बाजूला, भले थोरले कडुलिंबाचे.

“काका, बायकांना आपलं गाव वाटलं पाहिजे,” विनीताताई म्हणाल्या. “ऑफिस वाटू नये.”

शरदचंद्रांनी झाडाभोवती वर्तुळ काढले. बाकी आराखडा त्या वर्तुळाभोवती झाला.

पार आधी, इमारत मागून, हा त्यांचा हट्ट विनीताताईंनी मान्य केला. भिंतींना दगड नको, असे संस्थेच्या बायकांनी पहिल्याच बैठकीत बजावले होते. पण पाराच्या दगडाला कुणाची हरकत नव्हती. ज्याच्यावर छत नाही त्याचे भय नाही. एप्रिलमध्ये दगडोबाने पार उभा केला. जूनमध्ये संस्थेने जुन्या खोल्या सोडल्या आणि भूखंडावरच दोन पत्र्याच्या खोल्यांत काम सुरू केले. शुक्रवारची बैठक तिथे भरू लागली. शुक्रवार हा संस्थेचा कणा होता. त्या दिवशी गावोगावच्या गटांच्या बायका येत. हप्ता आणि तक्रार ही कारणे, आणि घराबाहेर पडायची वर्षानुवर्षे पक्की झालेली सवलतही. शुक्रवार मोडला की गट मोडतो, असे विनीताताई नेहमी म्हणत.

पार आठवडाभरात भरला. आजूबाजूला होस्टेले होतीच. मुले सावली बघून भौतिकशास्त्राच्या नोट्स घेऊन येऊन बसली. बायकांना मोटारसायकलवर किंवा जीपमध्ये नाक्यापर्यंत आणणारे सासरे, दीर, भाऊकीतले म्हातारेही तिथेच टेकू लागले. कुणी पेपर आणू लागला. एक फेटेवाले आजोबा मुलांना विचारत, “एवढं वाचून काय हुतंय रे?” मुले म्हणत, “डॉक्टर.” आजोबा म्हणत, “मंग माझा गुडघा बघ.” शरदचंद्र रोज संध्याकाळी तासभर येऊन बसत. वीस वर्षांनी एखादी गोष्ट कागदावर काढली तशी जमिनीवर झाली होती.

नासत होती ती मागची बाजू. भूखंडाच्या मागून ओढा जात होता आणि ओढ्याकाठाने गाडीवाट. माती धरून राहावी म्हणून त्यांनी काठाला वाळ्याच्या गवताची रोपे लावली होती. दर शुक्रवारी ती तुडवली जात. तारांचे कुंपण वाकवून बायका मागूनच येत होत्या. शरदचंद्रांनी रोपे दोनदा लावली. मग त्यांनी गटांची प्रमुख यशोदाबाई हिला विचारले. यशोदाबाई नव्या सारणगावातच राहायची आणि संस्थेत पत्र्याच्या शेडपासून होती.

“यशोदाबाई, समोर एवढं फाटक असताना मागून का?”

“गुडघं धरलेत ओ साहेब. जवळ पडतंय जरा.”

शरदचंद्रांनी मान डोलावली. आडवाट जवळची असते, हे कोणताही आरेखक मानून चालतो. ती मोजून बघावी असे त्यांना वाटले नाही. त्यांनी दगडोबाला सांगून मागच्या फटीत बाभळीच्या काट्या टाकल्या.

पुढच्या शुक्रवारी निम्म्याच बायका आल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याहून कमी. यशोदाबाई आली, पण घाईत आली आणि घाईत गेली. पेरण्या आहेत, कुणी म्हणाले. खुरपणी आहे, कुणी म्हणाले. विनीताताईंनी वीस वर्षांत पेरण्या आणि खुरपण्या पाहिल्या होत्या.

“काका, जागाच चुकली का आपली?” एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. “फार बाहेर आलो का? असंच चाललं तर दिवाळीपर्यंत चार गट उरतील. मग ही इमारत घेऊन मी काय करू, क्लासवाल्यांना भाड्यानं देऊ?”

शरदचंद्रांना वाटले, पावसाळा संपला की होईल नीट.

श्रावणात रुद्राणीअक्का आली. शरदचंद्रांची मोठी बहीण, देगलूरला दिलेली, तिथेच शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. माहेरचे गाव गेले तरी तिची पंचमी चुकली नव्हती. भूकंपानंतर ती दर नागपंचमीला लातूरला, भावाच्या घरी यायची. या वेळी जिना चढता चढता तिने वर बघितले.

“शरद, तुझ्या घरात माणसांपेक्षा टॉवेल जास्ती झालेत.”

“पोरं आहेत क्लासची.”

“आन् तुझं झाड?”

“गेलं.”

“चांगलं केलंस. टॉवेल वाळत घालायला आडवं येत असंल.”

पंचमीच्या दुपारी ते तिला भूखंडावर घेऊन गेले. काय दाखवायचे आहे ते सांगितले नाही. रिक्षा फाटकाशी थांबली. रविवार होता, पण क्लासची चाचणी सुटलेली असल्यामुळे पारावर मुलांची गर्दी होती, आणि मधोमध दोन फेटेवाले. शरदचंद्र पुढे गेले. “सरका रे, माझी बहीण आली आहे,” असे म्हणून त्यांनी सावलीतली जागा मोकळी करून घेतली, दगडावरून रुमाल फिरवला आणि वळले.

अक्का नव्हती. रिक्षाही गेली होती.

ते फाटकापर्यंत जाऊन आले. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिले. मग बऱ्याच वेळाने, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या मागून अक्का येताना दिसली. डोक्यावर पदर, डाव्या हातात चपला, घोट्यापर्यंत चिखल, आणि साडीच्या काठाला बाभळीची एक फांदी अडकून फरफटत येत होती.

“अक्का, तिकडून कुठून आलीस?”

“मागून.”

“मागं काट्या टाकल्यात.”

“कळलं की ते. काठ बघ माझा. कुठल्या शहाण्यानं टाकल्यात?”

शरदचंद्रांनी खाली वाकून काटा सोडवला. “समोर एवढं फाटक आहे,” ते म्हणाले.

“फाटकाम्होरं पारावर माणसं बसलेत की.”

“पोरं आहेत ती. तुझ्या नातवाएवढी.”

“आन् ते दोन फेटे? तेबी नातूच का माझे?”

मग तिचे लक्ष स्वतःच्या हातातल्या चपलांकडे गेले. तिने त्या थोडा वेळ पाहिल्या, दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा, आणि ती हसू लागली. हसता हसता विटांच्या ढिगावर बसली.

“बघ रे शरद. अख्खी उमर शाळेत गेली माझी. शिक्षणाधिकाऱ्यासमोर खुर्चीतून उठले न्हाई कधी. देगलूरच्या बाजारात तेलुगूत भांडते. आन् इथं रिक्षातून उतरले, पार दिसला, आन् हात आपोआप चपलेला गेला. पाय आपोआप मागं वळले. मी विचारच केला न्हाई.”

“इथं चल, सावलीत बस. आपल्या पारासारखा झालाय का नाही, तेवढं सांग.”

“मला कसं कळणार?” अक्का म्हणाली. “आपला पार मी पुढून कधी बघितला?”

शरदचंद्रांनी हातातला रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

“अव्वा, मी, साऱ्याच बाया चपला हातात घिऊन मागून जायच्या, पुढं माणसं बसलेली असायची ना,” अक्का सांगू लागली. तिला त्यात विशेष काही सांगते आहोत असे वाटत नव्हते. “परसदारातून निघायचं, गुरवाच्या भिंतीकडून बोळात, आडाच्या मागून, मंग पाराची पाठ. एवढीशी वाट. दोघी आल्या तर एकीनं भिंतीला चिकटायचं. पण तिथं काय मजा असायची तुला सांगू? तुमचा पेपर यायचा दुपारच्या गाडीनं. आमचा सकाळीच छापून वाटून झालेला असायचा. कुणाच्या घरात काय शिजलं, कोण रुसलं, कोण पळालं. पंचमीचा झोका आडाजवळच्या चिंचेलाच असायचा. तू लहान होतास तवा आणायचे मी तुला. मंग तुला पारावर बसवलं, आन् तू यायचा बंद झालास.”

“मला आठवत नाही.”

“कसं आठवंल. तू पुढं बसायचास. आन् पाराच्या पाठीला कोनाडा होता बघ. अव्वा दर मंगळवारी दिवा ठिवायची तिथं, मरीआईला. लिंगायताची बाई मरीआईला दिवा लावती म्हणून अप्पा चिडायचे. म्हणून तर मागं. पुढं लावला असता तर साऱ्या गावाला दिसला असता.”

पारावर मुले कुठल्या तरी प्रश्नाच्या उत्तरावरून भांडत होती. शरदचंद्रांनी बहिणीकडे पाहिले नाही. वीस वर्षांपूर्वी पाहिलेला कोनाडा त्यांना दिसत होता, आणि त्यातली काजळी. मग ते म्हणाले, “तो कोनाडा मी पाहिला होता. बिड्यांचा वाटला.”

“बिड्यांचा,” अक्का म्हणाली. तिने चपला पायात घातल्या.

परतताना त्यांनी रिक्षा मागच्या गाडीवाटेने घ्यायला लावली. नाक्यावर बायका जिथे उतरतात तिथून समोरचे फाटक जवळ होते. मागची वाट ओढ्याला वळसा घालून येत होती आणि चांगलीच लांब होती. दुखऱ्या गुडघ्यांच्या बायका दर शुक्रवारी ही लांबची वाट चालत होत्या आणि ती जवळ पडते म्हणून सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दगडोबा कामावर यायच्या आत शरदचंद्रांनी काट्या स्वतः ओढून काढल्या. मग विनीताताईंच्या टेबलाशी जाऊन सगळे सांगितले. यशोदाबाई तिथेच होती. विनीताताईंना हे सुचले नव्हते. त्या रोज स्कूटरवरून पारासमोरून आत येत होत्या.

“खरं का हो, यशोदाबाई?”

यशोदाबाई साडीचा पदर नीट करत बसली. “आता साहेबानं एवढ्या हौसेनं केलं. पाराला कसं नाव ठिवावं?” ती म्हणाली. “आन् बसतंय कोण तिथं? आमचेच सासरे बसायलेत. त्यांच्या म्होरून चपला फटफट वाजवीत, त्यांच्याच लेकाची तक्रार घिऊन जावं का?”

“मग पुरुषांनी पारावर बसू नये, अशी पाटी लावू,” विनीताताई म्हणाल्या.

“पाराला पाटी लावली की तो पार राहत नाही,” शरदचंद्र म्हणाले.

विनीताताई चिडल्या. “पण बायकांनी समोरून यायला शिकायला नको का? संस्था कशासाठी काढली आपण? मागच्या दारानं येण्यासाठी?”

यशोदाबाई हसली. “ताई, कोर्टात चला म्हणलाव, आमी आलाव. बँकेत चला म्हणलाव, आलाव. तहसीलदाराम्होरं खुर्चीवर बसा म्हणलाव, बसलाव. आता दर शुक्रवारी आणि एक लढाई दारातच कशाला? आत येऊ द्या की आधी. लढायचं ते आत बसून लढू.”

मग शरदचंद्रांनी आराखडा टेबलावर पसरला. फाटकाची खूण खोडली आणि मागे, ओढ्याच्या बाजूला, नवीन खूण केली. “मागचं दार नाही,” ते म्हणाले. “हेच दार. पाटीही इकडेच. तुम्हीही स्कूटर इकडूनच आणायची.” मग त्यांनी पारापाशी पेन्सिल नेली, तिथे ती जरा थांबली, आणि भिंतीची रेघ झाडाच्या आतून काढली. पार रस्त्याला देऊन टाकला.

विश्वस्तांच्या बैठकीत यावर बरेच बोलणे झाले. रस्त्यालगतची दोन गुंठे जमीन भिंतीबाहेर सोडायची म्हणजे काय? एकाने विचारले, “हालगेसाहेब, पार तुमचाच आग्रह होता ना?” शरदचंद्र म्हणाले, “होता.” दुसऱ्याने विचारले, “मग तुम्हाला वाईट नाही वाटत?” शरदचंद्र म्हणाले, “जमीन संस्थेच्याच नावावर राहील. फक्त भिंत अलीकडे येईल.” विचारणाऱ्याचा प्रश्न वेगळा होता, हे सगळ्यांना कळले. जमीन बाहेर सोडायला मंजुरी मिळाली.

म्हणून त्या मंगळवारी घमेले हातात घेऊन ते पायवाटेमागून फक्की टाकत चालले होते. वाळ्याची रोपे तुडवली गेली होती ती त्यांनी परत लावली नाहीत. वाटेच्या दोन्ही अंगांना, जिथे पाय पडत नव्हते तिथे, नवीन लावली. ओढ्यावरून जाता-येता यावे म्हणून सिमेंटच्या नळाची मोरी टाकायची होती. वाटेच्या कडेला त्यांनी एक चिंचेचे रोप लावले होते. झोका बांधण्याएवढी फांदी यायला त्याला वीसेक वर्षे तरी लागणार होती. शरदचंद्रांचे वय एकोणसाठ होते.

भिंत मात्र त्यांनी दोरीनेच आखली. तिचा पाराजवळचा तुकडा आला तेव्हा ते दगडोबाला म्हणाले, “इथं आतल्या बाजूनं एक कोनाडा ठेव.”

“कशाला ओ? सामान ठिवायला लई बारका व्हईल.”

“दिवा मावेल एवढा.”

“कुणाचा दिवा?”

“ते मला विचारू नको. बांध.”

दगडोबाने बांधला. सप्टेंबरात भिंत झाली, दसऱ्याआधी मागचे फाटक बसले. शुक्रवारच्या बायका हळूहळू परतल्या. सगळ्या नाही. दोन गट मोडले ते मोडलेच. शरदचंद्र अजूनही संध्याकाळी पारावर जाऊन बसतात. फेटेवाले आजोबा त्यांच्याकडून पेपर वाचून घेतात, कारण मुलांना पेपर वाचायला फुरसत नसते. उठल्यावर ते भिंतीला वळसा घालतात आणि गाडीवाटेने मागच्या फाटकातून आत येतात. पारावरून घरी जायला हा रस्ता लांबचा आहे. पत्र्याच्या खोल्यांत दिवे लागलेले असतात. भिंतीच्या आतल्या अंगाने ते कोनाड्यापर्यंत चालत जातात. पंधरा दिवस तिथे काही नव्हते. मग कुणीतरी हळदीकुंकवाची बोटे ओढली. गेल्या मंगळवारी आतल्या चुन्यावर वाटीएवढा काळा डाग होता. शरदचंद्रांनी तो पुसला नाही. कुणाचा, ते विचारलेही नाही. अक्काला फोन करून सांगितले. ती म्हणाली, “बिड्यांचा असंल.”

आज गुरुवार. उद्या शुक्रवार, बैठक अकराला. बांधकामाच्या पाण्याचा टँकर नेहमीप्रमाणे आठ वाजता येईल आणि ओढ्याकडच्या गाडीवाटेवर उभा राहून पाइप आत टाकील. पुढच्या बाजूला आता फाटक नाही, टँकरलाही नाही.